दादर एकदा की दोनदा?

मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एखादं ॲप डोळ्यांसमोर आणा. त्यात पश्चिम रेल्वेच्या स्थानकांची एक यादी असणार: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड. दुसरी मध्य रेल्वेची: सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. ‘कुठून निघणार?’ असं प्रवाशाला विचारायचं, तर दोन्ही याद्या एकत्र करून दाखवायला हव्यात. एकत्र केल्या की दादर दोनदा येतं. प्रोग्रामर म्हणतो, त्यात काय, यादीचा सेट करून टाकू. सेटमध्ये कुठलीही गोष्ट एकदाच राहते. तो एक शब्द लिहितो, ॲप पुन्हा चालवतो, आणि दादर एकदाच दिसू लागतं.

रेल्वेच्या दप्तरात मात्र दादर दोन आहेत. पश्चिम रेल्वेच्या दादरचा संकेत डीडीआर, मध्य रेल्वेच्या दादरचा डीआर. स्थानकांच्या नावांचा सेट केला तर दादर एक, संकेतांचा केला तर दोन. फोनच्या लेखी दोन्ही उत्तरं बरोबरच. पुलावरून पलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला एकच दादर पुरतं. तिकिटाचा आणि गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपला दोन लागतात. ‘एकच गोष्ट’ कशाला म्हणायचं, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारलाच नाही, तरी त्या एका शब्दाने त्याचं उत्तर देऊन टाकलं.

मोबाइल ॲपच्या प्रोग्रामिंगमध्ये ॲरेचं दुसऱ्या कुठल्या तरी संग्रहात रूपांतर करणं हे काम इतकं किरकोळ समजलं जातं, की त्यावर कोणी थांबत नाही. एका ओळीचं काम. पण फोनवरच्या बऱ्याच विचित्र चुकांचा माग काढत गेलं, की वाट अशाच एखाद्या ओळीपाशी येते.

ॲरे म्हणजे मेमरीत एकाला लागून एक मांडलेल्या वस्तूंची रांग. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो, मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि एकदा जागा घेतल्या की त्या वाढत नाहीत. एसटीच्या गाडीसारखं: तेविसावं आसन कुठे आहे हे शोधावं लागत नाही, आणि गाडी भरली म्हणून ऐनवेळी नवं आसन जोडताही येत नाही. ही रचना फार जुनी आहे. आयबीएमची फोरट्रान भाषा १९५७ साली आली तेव्हा तिच्यात ॲरे होताच, कारण संगणकाची मेमरीच मुळात क्रमांक घातलेल्या घरांची बनलेली असते.

अँड्रॉइडची ॲप्स सुरुवातीला जावा भाषेत लिहिली जात. जावातही ॲरे पहिल्यापासून होता. डिसेंबर १९९८मध्ये जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर लिस्ट, सेट आणि मॅप यांचं एक सुसूत्र कुटुंब आलं; त्याची आखणी जोशुआ ब्लॉक यांची. लिस्ट ही क्रम राखणारी यादी, बहुधा हवी तशी वाढणारी. सेटमध्ये पुनरावृत्ती नाही. मॅपमध्ये प्रत्येक किल्लीला एक किंमत जोडलेली: संकेत दिला की स्थानकाचं नाव मिळतं, तसं. पुढे जेटब्रेन्स या कंपनीने २०११ साली कॉटलिन भाषा जाहीर केली, २०१७ साली गुगलने तिला अँड्रॉइडवर अधिकृत मान्यता दिली आणि २०१९पासून अँड्रॉइडचा पहिला मान तिलाच आहे. आयफोनच्या बाजूला ॲपलने २०१४ साली स्विफ्ट आणली. स्विफ्टमध्ये ज्याला ॲरे म्हणतात तो वाढू शकतो. न वाढणारा कर्मठ ॲरे जावा आणि कॉटलिनचा.

मग आजही ॲरे येतो कुठून? अँड्रॉइडच्या जुन्या दारांतून. ॲपच्या साधनसामग्रीत लिहून ठेवलेली जिल्ह्यांची नावं मागितली, तर ती ॲरेच्या रूपात मिळतात. फोल्डरमधल्या फायली मागितल्या तरी तेच. वर फोल्डर वाचताच आलं नाही तर ॲरेही मिळत नाही, रिकामा हात मिळतो. पुढचा सगळा कोड लिस्ट आणि मॅपच्या भाषेत बोलत असतो, म्हणून दारातच रूपांतर करावं लागतं.

पहिली मेख लिस्ट करतानाच असते. जावामध्ये ॲरेपासून लिस्ट करणारी ‘ॲज-लिस्ट’ नावाची सोय १.२ आवृत्तीपासूनच आहे. तिच्यातून बाहेर पडणारी वस्तू लिस्टसारखी दिसते, लिस्टसारखीच वाचता येते, पण ती नवी यादी नसते. जुन्या ॲरेवर लावलेली ती फक्त एक खिडकी असते. खिडकीतून एखादं नाव बदललं की मूळ ॲरेमध्येही ते बदलतं. आणि त्या लिस्टमध्ये नवं नाव घालायला गेलं की ॲप कोसळतं, कारण आतला ॲरे वाढू शकत नाही. जावाचा नवशिक्या एकदा तरी या चुकीला भेटतोच. त्यात आणखी एक गंमत आहे: साध्या पूर्णांकांचा ॲरे या सोयीला दिला, तर आकड्यांची लिस्ट मिळत नाही. एकच वस्तू असलेली लिस्ट मिळते, आणि ती एक वस्तू म्हणजे तो अख्खा ॲरे.

कॉटलिनच्या कर्त्यांनी हा घोळ नावातच सोडवला. ‘ॲज’ने सुरू होणारी सोय म्हणजे खिडकी, ‘टू’ने सुरू होणारी म्हणजे नवी प्रत. ‘ॲज-लिस्ट’ लिहिलं तर मूळ ॲरेशी नाळ जोडलेली राहते, ‘टू-लिस्ट’ लिहिलं तर तुटते. दोन अक्षरांचा फरक आहे, पण वाचणाऱ्याला पुरेसा आहे. स्विफ्टने वेगळी वाट धरली. तिथे ॲरे दुसऱ्या नावाने ठेवला की तो आपोआप स्वतंत्र होतो. मात्र प्रत्यक्ष प्रत काढण्याचं कष्टाचं काम स्विफ्ट लांबणीवर टाकते आणि दोघांपैकी एकात बदल झाला तरच ते करते.

प्रत की खिडकी, हा प्रश्न शब्दच्छलासारखा वाटतो, पण त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. अँड्रॉइडवर लांबलचक याद्या दाखवणारा एक यंत्रभाग असतो. त्याला नवी लिस्ट दिली की तो जुन्या आणि नव्या लिस्टमधला फरक काढतो आणि तेवढ्याच ओळी पुन्हा रंगवतो. प्रोग्रामरने त्याच लिस्टमध्ये एक नाव वाढवून तीच लिस्ट परत दिली, तर यंत्रभाग पाहतो की वस्तू तीच आहे, म्हणजे बदललेलं काही नाही, आणि गप्प बसतो. नाव यादीत आहे, पडद्यावर नाही. यावर तोडगा म्हणजे लिस्ट देण्याआधी तिची ‘टू-लिस्ट’ने प्रत काढणं. बाहेरून पाहणाऱ्याला लिस्टची पुन्हा लिस्ट करणारी ही ओळ निरर्थक वाटते. एखादा हौशी सहकारी ती काढून टाकतो, आणि चूक परत येते.

सेटकडे वळण्याचं खरं कारण पुनरावृत्ती काढणं एवढंच नसतं, वेग हेही असतं. समजा फोनमध्ये १०,००० संपर्क आहेत आणि ॲपच्या सर्व्हरकडून १०,००० क्रमांकांची यादी आली आहे. दोन्हींत कोण आहे ते शोधायचं. लिस्टमध्ये लिस्ट शोधली तर वाईटात वाईट १० कोटी तुलना कराव्या लागतात. एका यादीचा सेट केला तर १०,००० वेळा विचारून काम होतं. सेट हे करतो कारण तो प्रत्येक वस्तूपासून हॅश नावाचा एक आकडा काढतो आणि त्या आकड्यावरून वस्तू कुठल्या कप्प्यात असेल ते थेट ठरवतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली होती.

कप्पे हॅशवर ठरत असल्यामुळे क्रमाचा बळी जातो. जावाच्या साध्या हॅशसेटमध्ये चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड या क्रमाने नावं घातली, तरी बाहेर येताना ती कुठल्याही क्रमाने येतात. त्यातही फसवी गोष्ट लहान आकड्यांची. १, २, ३ असे आकडे घातले तर ते चढत्या क्रमानेच बाहेर येतात, आणि नवशिक्याला वाटतं की सेट आपोआप क्रम लावतो. त्यात १७ घातले की भ्रम फुटतो: कप्पे सुरुवातीला १६ असतात, १७ हे १च्या कप्प्यात जाऊन बसतात, आणि यादी १, १७, २, ३ अशी येते. चाचणी करताना कोणी १७ घातलेच नाहीत, तर हे ॲप दुकानात पोचेपर्यंत कळत नाही.

कॉटलिनचं ‘टू-सेट’ इथे समजूतदारपणे वागतं. ते ज्या क्रमाने वस्तू आल्या तो क्रम जपणारा सेट देतं, त्यामुळे दोन याद्या जोडून सेट केला तर दादर पश्चिम रेल्वेच्या जागी टिकतं आणि मध्य रेल्वेच्या ओघातून गळतं. ॲप बनवण्याच्या फ्लटर या साधनसंचाच्या डार्ट भाषेतही असंच. स्विफ्टचा कारभार नेमका उलट आहे: २०१८च्या ४.२ आवृत्तीपासून तिथे हॅशमध्ये दर वेळी वेगळी भर घातली जाते, म्हणून तोच सेट ॲप प्रत्येक वेळी उघडल्यावर वेगळ्या क्रमाने येऊ शकतो. यामागे सुरक्षिततेचं कारण आहे. हॅश कसा निघतो हे ठाऊक असलेला हल्लेखोर मुद्दाम एकाच कप्प्यात जाणारा माल पाठवून ॲपला घाम फोडू शकतो. पण त्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. क्रमावर विसंबलेला कोड स्विफ्टमध्ये पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उघडा पडतो. जावामध्ये तो वर्षभर सुखाने नांदू शकतो.

अँड्रॉइडवर या क्रमाचा फटका बसणारी एक ठरलेली जागा आहे. ॲपच्या लहानसहान आठवणी साठवण्यासाठी शेअर्ड प्रेफरन्सेस नावाचं कपाट असतं. त्यात अक्षरं ठेवता येतात, आकडे ठेवता येतात, आणि अनेक शब्द एकत्र ठेवायचे तर सेट ठेवता येतो. लिस्ट ठेवता येत नाही. ‘नुकतीच शोधलेली स्थानकं’ साठवायची म्हणून प्रोग्रामर लिस्टचा सेट करून आत टाकतो. दुसऱ्या दिवशी प्रवासी ॲप उघडतो, पाचही स्थानकं जागेवर असतात, फक्त ‘नुकतीच’ हा भाग हरवलेला असतो.

मॅपची गोष्ट दादरनेच सांगावी अशी आहे. पूर्वी तिथे पश्चिम रेल्वेचाही फलाट क्रमांक १ होता आणि मध्य रेल्वेचाही. गाडी फलाट एकवर येतेय असं ऐकून चुकीच्या बाजूला उतरलेले प्रवासी मुंबईकरांच्या ओळखीचे. फलाटांचा ॲरे घेऊन, क्रमांक ही किल्ली धरून त्याचा मॅप केला असता, तर काय झालं असतं? एका किल्लीला एकच किंमत हा मॅपचा नियम. कॉटलिनच्या ‘असोसिएट-बाय’ने काही न बोलता नंतर आलेला फलाट ठेवला असता आणि आधीचा पुसला असता. स्विफ्टमध्ये ‘किल्ल्या एकमेव आहेत’ अशी ग्वाही देऊन मॅप बनवण्याची एक सोय आहे. तिथे दुसरा फलाट क्रमांक १ दिसताच ॲप जागच्या जागी कोसळलं असतं. स्विफ्टमध्ये दुसरीही सोय आहे, जी टक्कर झाल्यावर कोणाला ठेवायचं ते प्रोग्रामरलाच विचारते. आणि दोन्ही भाषांमध्ये गट पाडणारी सोय आहे, जी एका किल्लीखाली दोन्ही फलाटांची लिस्ट ठेवते.

यातलं कुठलं बरं? गुपचूप पुसण्यापेक्षा कोसळणं प्रामाणिक, यात वाद नाही, पण ते कार्यालयातल्या फोनवर झालं तर. प्रवाशाच्या हातात, गाडी फलाटाला लागत असताना, तो प्रामाणिकपणा कोणालाच नको असतो. गट पाडून पाहणं आणि कुठल्या किल्लीखाली एकाहून जास्त वस्तू जमल्या ते तपासणं, हा थोडा जास्त कष्टाचा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो. रेल्वेने तिच्या परीने डिसेंबर २०२३मध्ये दादरच्या सगळ्या फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक दिले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८पासून पुढे गेले. किल्ल्या एकमेव झाल्या.

अँड्रॉइडच्या स्वतःच्या इतिहासातही ॲरेकडून मॅपकडे झालेला एक प्रवास आहे. २०१५ साली अँड्रॉइड ६ आलं, तेव्हापासून ॲपला कॅमेरा किंवा ठिकाण वापरायची परवानगी वापरणाऱ्याकडून चालू कामात मागावी लागते. उत्तर यायचं ते दोन समांतर ॲरेंच्या रूपात: एकात मागितलेल्या परवानग्यांची नावं, दुसऱ्यात आकडे. ० म्हणजे मिळाली, उणे १ म्हणजे नाकारली. तिसऱ्या नावाचा निकाल तिसऱ्या आकड्यात. जोवर दोघांचे क्रमांक जुळवून वाचले जातात तोवर ठीक. मात्र मध्येच व्यत्यय आला तर दोन्ही ॲरे रिकामे येऊ शकतात असं अँड्रॉइडच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे, आणि थेट पहिला आकडा वाचायला जाणारा कोड तिथे मान टाकतो. दोन्ही ॲरेंची जोडी लावून त्यांचा मॅप करणं हा त्यावरचा साधा उपाय होता. रिकाम्या ॲरेंचा रिकामा मॅप होतो, बाकी काही बिघडत नाही. नव्या पद्धतीत अँड्रॉइडच नाव आणि होय-नाही असा मॅप हातात देतं.

कधी कधी मात्र रूपांतर न करणं हेच बरोबर असतं. फोनचा माइक आवाज पकडतो तो आकड्यांच्या ॲरेमध्ये, सेकंदाला बऱ्याचदा ४४,१०० आकडे. एका मिनिटाचे २६ लाख ४६ हजार. प्रत्येक आकड्याला दोन बाइट, म्हणजे साधारण ५३ लाख बाइटमध्ये मिनिटभराचा आवाज मावतो. त्या ॲरेची लिस्ट केली की चित्र पालटतं. लिस्टमध्ये नुसता आकडा ठेवता येत नाही, त्याच्याभोवती वस्तूचं वेष्टन घालावं लागतं. ते वेष्टन अँड्रॉइडवर १६ बाइटचं, शिवाय त्याच्याकडे बोट दाखवणारा पत्ता ४ बाइटचा. तोच आवाज पाच कोटी बाइटपर्यंत फुगू शकतो, आणि वेष्टनांचा हा कचरा उचलायला फोनला पुन्हा वेळ मोडावा लागतो. म्हणून आवाज, चित्र, सेन्सरचे आकडे हे प्रांत ॲरेचेच राहिले आहेत.

मराठीत मजकूर दाखवणाऱ्या ॲपला याच्या पलीकडचा एक पेच आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ या क्रमांकाचं एक अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. तिसरा मार्गही आहे: र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. तिन्ही प्रकारे पडद्यावर ‘कऱ्हाड’च उमटतं. वेगवेगळे कीबोर्ड, जुन्या फायली, नकल-डकव यांतून तिन्ही रूपं एकाच यादीत येऊन पडतात. अशा यादीचा सेट केला की कॉटलिनला तीन वेगळी गावं दिसतात. स्विफ्टला दोन, कारण ती पहिल्या दोन रूपांना समान मानते, युनिकोडचा नियमच तसा आहे. जोडकाचं रूप तिच्याही लेखी वेगळं.

म्हणून सेट करण्याआधी शब्द एका साच्यात आणावे लागतात. पहिल्या दोन रूपांसाठी जावामध्ये तयार साधन आहे. तिसऱ्यासाठी न दिसणारा जोडक सरसकट पुसून टाकायचा मोह होतो, आणि तिथे घात होतो: जोडकाने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधला जोडक काढला की उरतो तो ‘दर्या’. डोंगरांमधल्या दऱ्या एका ओळीत समुद्र होतात. जोडक पुसायचा नाही, त्या तीन चिन्हांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवायचे.

उरला क्रम लावलेला सेट. कॉटलिनमध्ये ॲरेचा असा सेट एका शब्दात होतो, पण तो सेट ‘समान कोण’ हे क्रमाच्या नियमावरूनच ठरवतो. स्थानकं अंतरानुसार लावायला सांगितली आणि दोन स्थानकं सारख्याच अंतरावर निघाली, तर त्यातलं एक बाहेर फेकलं जातं. नावांचा क्रम नुसता युनिकोडवर सोडला, तर मध्य रेल्वेची तीन स्थानकं कल्याण, कळवा, कसारा अशी येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. मराठी शब्दकोशात तो ह नंतर येतो. मराठीचा वर्णक्रम सांगणारा तुलनेचा नियम वेगळा द्यावा लागतो, आणि फक्त यादी क्रमाने दाखवायची असेल तर सेटकडे जायचं कारणही उरत नाही: लिस्टच ठेवून तिला तो नियम लावला, की कल्याण, कसारा, कळवा असा क्रम लागतो आणि एकही स्थानक गळत नाही.